कायदे कौन्सिलातील आपले रावबहादूर : कै. सीताराम केशव बोले

दादरच्या पश्चिमेस सिद्धिविनायकाच्या मंदिराकडे जाणाऱ्या एका रस्त्यास एस. के. बोले मार्ग हे नाव आहे. मंगळवारी त्या रस्त्याने भाविकांची रीघ लागलेली असते. परंतु हे बोले कोण, असा प्रश्न त्यांपैकी कितीकांच्या मनात येत असेल, याची शंकाच आहे. परक्यांचे राहू द्या, आपल्या भंडारी ज्ञातीतील तरुण मंडळीस विचारले तरी कोणी मोठे गृहस्थ असावेत, एवढेच उत्तर मिळते. आपण जयंतीस त्यांच्या तसबिरीला हार घालतो, स्मरणिकेत छायाचित्र छापतो, आणि कर्तव्य संपले असे समजतो. त्यांनी कायदे कौन्सिलात बसून नेमके काय केले, हे सांगण्याचा येथे अल्प प्रयत्न आहे.

बोले यांचा जन्म १८६८ सालचा. तो काळ आपल्या ज्ञातीस कठीण होता. ज्या भंडाऱ्यांनी सतराव्या शतकात मुंबई बेटाच्या पहाऱ्याचे काम केले, त्यांचा पोटापाण्याचा मुख्य आधार पुढे ताडामाडाचा धंदाच राहिला होता, आणि १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर झाडांवरील कराचा बोजा वाढून तोही आधार डळमळला. कोकणातील कित्येक कुटुंबांनी घरदार सोडून मुंबईची वाट धरली व ती गिरण्यांत आणि छापखान्यांत पोटास लागली. वाडवडिलांचा धंदा गेला, हाती विद्या नाही, अशी ती अवस्था. बोले यांच्या पुढील सर्व सार्वजनिक कार्याचे मूळ या अवस्थेत शोधले पाहिजे, असे मला वाटते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर मुंबईत कामगार हितवर्धक सभा स्थापन झाली, तिच्या प्रमुख चालकांत बोले होते. गिरणीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या माणसाचे तास कमी व्हावेत, त्यास औषधपाणी मिळावे, त्याचे दारूचे व्यसन सुटावे, मुलांस शिक्षण मिळावे, असे तिचे उद्देश होते. अर्ज करावा, अधिकाऱ्यांस भेटावे, तंटे सामोपचाराने मिटवावेत, ही तिची रीत. पुढे लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी या सभेस मवाळ म्हणून हिणविले, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु मोठ्या पुरुषास गिरणीत बारा तासांहून अधिक राबवू नये, एवढी साधी गोष्टदेखील कायद्यात येण्यास १९११ साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेऊनच त्या सभेच्या मवाळपणाचे माप करावे.

याच सुमाराची दुसरी एक गोष्ट सर्वश्रुत आहे. भीमराव आंबेडकर नावाचा एक महार विद्यार्थी परीक्षेत यशस्वी झाला, म्हणून त्याच्या अभिनंदनार्थ सभा भरली. अध्यक्षस्थानी बोले होते, आणि गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्या मुलास स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले, ते सर्व जगास ठाऊक आहे. त्या सभेच्या अध्यक्षाचे पुढे काय झाले, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार १९२१ साली मुंबई इलाख्याचे नवे कायदे कौन्सिल अस्तित्वात आले. ब्राह्मणेतर पक्षाचे सभासद त्यात प्रथमच मोठ्या संख्येने आले. बोले यांचे नाव त्यांत अग्रणी होते. राष्ट्रीय सभेने त्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता, त्यामुळे कौन्सिलात बसणारा तो सरकारधार्जिणा, असे सरसकट म्हटले जाई. त्यातून बोले सरकारी पदवीचे रावबहादूर! तेव्हा टीकेस आयतेच निमित्त मिळाले. पदवीचा मोह त्यांनी टाळला असता तर बरे झाले असते, असे मला वाटते. पण खुर्चीचा उपयोग त्यांनी कशाकरिता केला, हेही पाहिले पाहिजे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या, कार्यालये आणि दवाखाने यांचा उपयोग करण्यास अस्पृश्य वर्गास मुभा असावी, अशी शिफारस त्या ठरावाने केली. आज वाचताना यात विशेष ते काय, असे वाटेल. परंतु रस्त्यावरून कुत्री-मांजरे जाऊन पाणी पीत, त्या तळ्यावर माणसास मज्जाव होता, असा तो काळ. आणि मज्जाव करणाऱ्यांत केवळ उच्चवर्णीय होते, असे समजून आपण सुटू शकत नाही. कोकणातील आपल्या वाड्यांवरील विहिरींचा इतिहास घरातील वडीलधाऱ्यांकडून प्रत्येकाने ऐकलेला असेल. तो येथे उगाळीत बसत नाही. बोले यांना तो पूर्ण माहीत होता. स्वतःच्या ज्ञातीस न रुचणारी गोष्ट भर कौन्सिलात मांडणे, हे परक्यांस चार शब्द सुनावण्याहून अवघड असते.

११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने परिपत्रक काढले. सरकारी मालकीच्या जागांपुरता अंमल करण्यास खातेप्रमुखांस सांगितले. नगरपालिका व लोकल बोर्डे यांस मात्र नुसता सल्ला दिला. ठरावाचा सारा कमकुवतपणा या सल्ल्यात होता. पाणवठे बहुतेक स्थानिक संस्थांच्या ताब्यात, आणि त्या संस्था गावकऱ्यांच्या मतांवर निवडून आलेल्या. बहुतेकांनी ते परिपत्रक दप्तरात बांधून ठेवले. हे पाहून बोले स्वस्थ बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला, तो असा की ज्या नगरपालिका व बोर्डे पहिल्या ठरावाचा अंमल करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. पहिला ठराव सद्भावनेचा होता, दुसरा हिशेबाचा. नगरपालिकेचे मन वळत नसेल तर तिची थैली आवळावी, हे व्यवहारज्ञान त्या गृहस्थास होते.

महाडच्या नगरपालिकेने मात्र जानेवारी १९२४ मध्येच चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे धैर्याचे गृहस्थ तेथे होते, म्हणून तो झाला. तरीही तळ्यावर कोणी अस्पृश्य फिरकू शकला नाही. अखेर १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास परिषद भरली आणि डॉ. आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांस झालेली मारहाण व तळ्याची शुद्धी हा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. इतिहासाच्या तासास हा सत्याग्रह शिकविताना मी मुलांस विचारीत असे, की लोक तळ्यावर गेले ते कोणत्या हक्काने? उत्तर क्वचितच येई. ते गेले बोले यांच्या ठरावाच्या आधारे. पुढे महाड नगरपालिकेने कच खाल्ली व आपला ठराव मागे घेतला. तारीख होती ४ ऑगस्ट १९२७. कौन्सिलातील ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती! प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई हायकोर्टाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. कागदावर मिळालेला हक्क ओंजळीत येण्यास किती काळ लागतो, हे त्यावरून दिसते.

१९२६ हे साल बोले यांच्या आयुष्यात गर्दीचे गेले. गावच्या वतनदार जोशाने विधी केला नाही, त्यास बोलाविलेही नाही, तरी त्याची दक्षिणा चुकत नसे. तो दावा लावून ती वसूल करी. ही सक्ती उठविणारा कायदा त्या वर्षी झाला, तो बोले यांच्या जोशी बिलाचे फळ होय. त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांस समान मान मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे व डॉ. आंबेडकर यांच्याबरोबर ते उभे राहिले. रत्नागिरी जिल्ह्यातील खोतीचा प्रश्नही त्यांनी कौन्सिलात लावून धरला. त्यात आपल्या ज्ञातीतील कुळांचे प्रत्यक्ष हित होते, हे खरे; पण खोताच्या दारात वेठीस उभी राहणारी कुळे कुणबी होती, महार होती, भंडारीही होती, आणि बोले यांनी त्यांत भेद केला नाही. १९२७ पासून डॉ. आंबेडकर कौन्सिलात आले व १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती स्वराज्यात, १९४९ च्या कायद्यान्वये.

आपल्या ज्ञातीत या कामी दुसरे नाव भागोजीशेठ कीर यांचे. त्यांनी पदरच्या द्रव्याने रत्नागिरीस पतितपावन मंदिर बांधून १९३१ साली सर्व हिंदूंस खुले केले. मंदिर डोळ्यांस दिसते, म्हणून कीरशेठ लोकांच्या स्मरणात राहिले. ठराव सरकारी दप्तरात राहतो.

बोले यांना दीर्घायुष्य लाभले. २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात सरकारी पैशाने चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट व रस्ते यांच्या उपयोगास जातीवरून कोणास आडकाठी असणार नाही, असे कलम आहे. १९२३ च्या ठरावाशेजारी ते ठेवून वाचावे. नाते सांगावे लागत नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, ज्यांच्या अभिनंदनाच्या सभेत बोले अध्यक्ष होते. डॉ. आंबेडकर १९५६ साली गेले. बोले त्यानंतरही काही वर्षे होते. १९६१ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले.