बंधू रॉजर बेकन आणि क्रुसाचा शुक्रवार



नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच, मग गुड फ्रायडे कधी मार्चात तर कधी एप्रिलात का, हा प्रश्न प्रायश्चित्तकाळ लागला की हमखास निघतो. त्याचे उत्तर यहुदी पंचांगात आहे. त्या पंचांगावरून प्रभूच्या मरणाचा दिवस शोधणाऱ्या एका फ्रान्सिस्कन बंधूची आज आपण ओळख करून घेऊ.

रॉजर बेकन यांचा जन्म १२१४ ते १२२० च्या दरम्यान इंग्लंडमध्ये झाला. ऑक्सफर्डला ते शिकले, पॅरिसला त्यांनी शिकवले आणि १२५७ च्या सुमारास संत फ्रान्सिसच्या मंडळात प्रवेश केला. बायबल समजायचे तर ग्रीक आणि हिब्रू यायला हवे, असा त्यांचा हट्ट होता. स्वभाव मात्र तिखट. भल्याभल्या विद्वानांना त्यांनी दुखावले. १२६० साली मंडळाने नियम केला की, वरिष्ठांच्या परवानगीवाचून कोणी लिखाण बाहेर देऊ नये. बेकन यांची लेखणी अडली. पण १२६६ साली पोप चौथे क्लेमेंट यांनीच, त्या मनाईकडे न पाहता, गुप्तपणे ग्रंथ मागवला. १२६७ साली ‘ओपस मायुस’ हा मोठा ग्रंथ पोपकडे रवाना झाला.

त्यात प्रभूच्या मरणाच्या तारखेची चर्चा आहे. त्या काळी २५ मार्च ही तारीख सर्वमान्य होती. देवदूताने पवित्र मरियेला निरोप दिला तीच तारीख, म्हणून भाविकांना प्रिय. बेकन यांनी ती पंचांगाला लावून पाहिली.

यहुदी महिना आपल्या तिथींसारखा चंद्रावर चालतो. सूर्याशी मेळ राहावा म्हणून अधिक महिनाही धरतात, १९ वर्षांत ७ वेळा. प्रभूच्या काळी तर जवाचे पीक तयार झाले का, हेही पाहत. आपल्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको! निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी, पौर्णिमेच्या सुमारास, वल्हांडणाची कोकरे कापली जात. दिवस सूर्यास्ताला सुरू होई. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनी हाच शब्बाथ पाळला. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत.

आता वार शुक्रवार, पौर्णिमेचा सुमार आणि पिलाताचा काळ, म्हणजे इ. स. २६ ते ३६. हे तिन्ही एकत्र जुळायला हवे. २५ मार्चला ते जुळत नाही. चंद्राची गणिते करून बेकन यांनी ३ एप्रिल ३३ हा शुक्रवार काढला. म्हणजे पुनरुत्थान रविवार, ५ एप्रिलला. शुक्रवार, शनिवार, रविवार असा तिसरा दिवस. संत योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे शुक्रवारी निसान १४ धरला, तर मंदिरात कोकरे कापली जात होती त्याच दुपारी प्रभूने प्राण सोडला. आणि रविवार येतो निसान १६, जवाची पहिली पेंढी देवाला वाहण्याचा दिवस. संत पौल उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ का म्हणतो, ते येथे उलगडते. मत्तय, मार्क, लूक शेवटचे भोजन वल्हांडणाचेच मानतात, त्यामुळे त्यांच्या हिशेबात एक दिवसाचा फरक पडतो. अभ्यासकांचा तो वाद जुना आहे.

बेकन यांची दुसरी तक्रार अधिक झोंबणारी होती. ख्रिस्तसभेचे कॅलेंडर १२५ वर्षांत एक दिवस मागे पडत होते. त्यामुळे चुकीच्या दिवशी ईस्टर, उपवासाच्या दिवसांत मांस, आणि इतर धर्मांचे जाणकार आपल्याला हसतात, असे त्यांनी थेट पोपना कळवले. चालत आले म्हणून खरे, हे त्यांना मान्य नव्हते. श्रद्धा डळमळली म्हणून ते बोलत नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

१२६८ साली पोप क्लेमेंट वारले आणि विषय पडला. पुढे मंडळाने बेकन यांना कोंडून ठेवले, असे एक नंतरचे इतिवृत्त म्हणते. सर्व अभ्यासकांना ते पटत नाही. १२९० साली इंग्लंडच्या राजाने यहुद्यांना, ज्यांच्या पंचांगावर बेकन विसंबले त्यांना, देशाबाहेर घालवले. सुमारे दोन वर्षांनी बेकनही गेले. कॅलेंडर सुधारले ते १५८२ साली, पोप तेरावे ग्रेगरी यांनी. दहा दिवस गाळावे लागले.

आजचे अभ्यासक ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३ या दोन तारखा विशेष धरतात. ऑक्सफर्डच्याच दोन संशोधकांनी १९८३ साली ३ एप्रिल ३३ ला दुजोरा दिला. त्या संध्याकाळी जेरुसलेमला ग्रहण लागलेला चंद्र उगवला होता, असे त्यांचे गणित सांगते. ख्रिस्तसभेने कोणतीच तारीख श्रद्धेचा विषय केलेली नाही. तारणाची दोन हजार वर्षे मात्र २०३३ साली साजरी व्हायची आहेत. त्या वर्षी गुड फ्रायडे १५ एप्रिलला येतो.