डोलकाठीवरची तार

नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही गच्चीवर उभे राहून पाहा. घराघरांवर टीव्हीसाठी लावलेल्या गोल छत्र्या दिसतील. त्या सगळ्यांची तोंडे साधारण दक्षिणेकडे असतात, कारण त्या बाजूला, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, उपग्रह असतो. वाऱ्याने छत्री थोडी जरी सरकली तरी चित्र जाते. मग कोणीतरी गच्चीवर चढून ती सरळ करतो.

आता कल्पना करा, हीच छत्री एका शिडाच्या नौकेवर बसवायची आहे. नौका क्षणभरही स्थिर नसते. कधी डोलकाठी मध्ये येते, कधी फुगलेले शीड. खारे पाणी तारांचे सांधे गंजवते. तरीही दूर समुद्रात जाणाऱ्या नौकेवर अँटेना लावावाच लागतो. संकटात माणसाची पहिली गरज असते ती आपले संकट दुसऱ्याला कळण्याची. १९९३ च्या भूकंपाची आठवण सांगणाऱ्या लातूर जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

पहिला उपग्रह १९५७ साली आकाशात गेला. पण नौकेच्या डोलकाठीला तार बांधून संदेश पाठवण्याचे काम त्याच्या सुमारे साठ वर्षे आधीच सुरू झाले होते. ते करणाऱ्या तरुणाचे नाव गुग्लिएल्मो मार्कोनी.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील इटालियन जमीनदार होते आणि आई आयर्लंडची होती. त्याचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला नाही, पण विजेच्या प्रयोगांची गोडी मात्र त्याला लहानपणापासून होती.

हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतून जाणाऱ्या विद्युत लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या होत्या. १८९४ साली हर्ट्झच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाविषयीचा लेख मार्कोनीच्या वाचनात आला. या लहरींवरून निरोप पाठवता येईल का, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला. घराच्या माळ्यावर त्याने प्रयोग मांडले. आधी खोलीतल्या खोलीत घंटी वाजली, मग अंगणापर्यंत लहरी पोचल्या. तारेचे एक टोक उंच नेले आणि दुसरे जमिनीत पुरले, की लहरी दूर जातात, हे त्याच्या ध्यानात आले. १८९५ साली टेकडीच्या पलीकडे त्याचा भाऊ यंत्र घेऊन उभा राहिला. संदेश मिळताच भावाने बंदुकीचा बार काढला. टेकडी आड असूनही संदेश पोचला होता!

१८९६ साली आई त्याला इंग्लंडला घेऊन गेली. तेथील टपाल खात्याच्या अभियंत्यांनी त्याच्या कामाला मदत केली. जमिनीवर तारायंत्राच्या तारा होत्या, समुद्राच्या तळाशीही जाड तारा टाकलेल्या होत्या. पण चालत्या जहाजाला तार कशी जोडणार? किनारा दिसेनासा झाला की जहाज एकटे पडत असे. मार्कोनीचे यंत्र खरे उपयोगी पडणार होते ते येथेच.

१८९८ च्या जुलै महिन्यात आयर्लंडच्या किनाऱ्यावर शिडाच्या नौकांच्या शर्यती होत्या. एका वर्तमानपत्राला शर्यतीची बातमी लगेच हवी होती. मार्कोनीने एक छोटी आगबोट घेतली, तिच्या डोलकाठीला उंच तार बांधली आणि तो नौकांच्या मागोमाग समुद्रात गेला. कोणती नौका पुढे आहे, कोणती मागे पडली, हे तो बोटीवरून कळवत होता. प्रेक्षक किनाऱ्यावर परत येण्याआधीच बातम्या शहरात पोचल्या.

पुढच्याच महिन्यात त्याला राजघराण्याचे बोलावणे आले. युवराज एडवर्ड यांच्या गुडघ्याला दुखापत झाली होती आणि ते आपल्या नौकेवर विश्रांती घेत होते. राणी व्हिक्टोरिया जवळच्या बेटावरील वाड्यात होत्या. मुलाची खुशाली आईला रोज हवी होती. मार्कोनीने नौकेच्या डोलकाठीवर सुमारे २५ मीटर उंचीवर तार चढवली आणि वाड्याजवळ एक उंच खांब उभा केला. सोळा दिवसांत सुमारे दीडशे संदेशांची देवाणघेवाण झाली. नौका टेकडीआड गेली तरी संदेश थांबले नाहीत.

पुढच्या वर्षी या यंत्राची खरी परीक्षा झाली. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ धोक्याची जागा दाखवण्यासाठी एक दिव्याची नौका नांगरून ठेवलेली असे. मार्कोनीच्या माणसांनी तिच्यावर बिनतारी यंत्र बसवले होते. १८९९ साली एक जहाज येऊन तिच्यावर आदळले. नौकेवरच्या लोकांनी यंत्रावरून मदत मागितली आणि ती मिळाली.

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर होता. वादळी वाऱ्यात त्याने पतंगाला तार बांधून ती आकाशात सोडली. इंग्लंडहून, सुमारे ३,४०० किलोमीटरवरून, आलेले तीन टिंबांचे संकेत ऐकू आल्याचे त्याने जाहीर केले. अनेकांनी शंका घेतली. त्याने वाद घातला नाही. दोनच महिन्यांनी जहाजाच्या डोलकाठीला तार बांधून तो अटलांटिक महासागरात निघाला. आलेले संकेत या वेळी कागदाच्या पट्टीवर उमटवून घेतले. रात्री संकेत फार दूरवर मिळतात, दिवसा मात्र लवकर क्षीण होतात, हेही त्याने नोंदवले.

हे सारे श्रेय एकट्या मार्कोनीचे नाही. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा बिनतारी लहरींनी वाजवून दाखवली होती. लहरी पकडण्याचे सुधारलेले साधनही त्यांनी तयार केले होते. १९०९ साली मार्कोनीला भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही जर्मनीच्या कार्ल ब्राउन यांच्याबरोबर विभागून.

१९१२ च्या एप्रिल महिन्यात टायटॅनिक हे अवाढव्य जहाज हिमनगावर आदळले. जहाजावरचे दोन बिनतारी चालक मार्कोनीच्या कंपनीचे नोकर होते. जहाज बुडत असतानाही ते मदतीचे संदेश पाठवत राहिले. ते ऐकून एक जहाज धावून आले आणि सातशेहून अधिक माणसे वाचली. सुमारे दीड हजार माणसांना मात्र जलसमाधी मिळाली. त्याहून जवळ असलेल्या दुसऱ्या एका जहाजाचा चालक यंत्र बंद करून झोपला होता! यंत्र असून उपयोग नाही. ऐकणारा जागा हवा, हा धडा जगाने मोठी किंमत देऊन घेतला.

त्याच वर्षी मोटारीच्या अपघातात मार्कोनीचा एक डोळा गेला. तरी त्याचे काम थांबले नाही. १९१९ साली त्याने एलेत्रा नावाची मोठी आगनौका विकत घेतली आणि तिच्यावर प्रयोगशाळा थाटली. तिच्या उंच डोलकाठ्यांमधून अँटेनाच्या तारा ताणलेल्या असत. या नौकेवर फिरत त्याने आखूड लहरींचा अभ्यास केला. कमी खर्चात त्या फार दूर जातात, दिवसाही जातात, असे दिसून आले. त्या अभ्यासाचे फळ आपल्या महाराष्ट्रालाही मिळाले. १९२७ साली पुण्याजवळ खडकी येथे संदेश पाठवणारे आणि दौंड येथे संदेश घेणारे केंद्र सुरू झाले. त्यामुळे इंग्लंडशी थेट बिनतारी संपर्क जुळला. लातूरहून रेल्वेने पुण्याला जाताना हेच दौंड स्थानक लागते.

मार्कोनीच्या जीवनाला एक काळी बाजूही आहे. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्या पक्षात तो सामील झाला. मोठी बुद्धी असलेला माणूसही चुकीची बाजू घेऊ शकतो, हे आपण विसरू नये.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचे निधन झाले. त्याला मान देण्यासाठी ब्रिटनमधील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे मुकी झाली.

पुढे उपग्रह आले. १९७१ साली पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र सुरू झाले. डोलकाठीवरच्या लांब तारेच्या जागी नौकांवर पांढरे घुमट दिसू लागले. घुमटाच्या आत छोटी छत्री असते. नौका डावीकडे कलली की छत्री उजवीकडे वळते आणि आपले तोंड उपग्रहाकडेच ठेवते. काही अँटेना तर तळहाताएवढे असतात आणि त्यांना वळावेही लागत नाही.

२०१८ च्या सप्टेंबर महिन्यात भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी हे गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकटेच हिंदी महासागर पार करत होते. वादळात डोलकाठी मोडली. पाठीला जबर मार लागल्याने त्यांना हलताही येईना. पण त्यांच्याजवळच्या लहान यंत्राने उपग्रहामार्फत निरोप पोचवला. तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना सुखरूप बाहेर काढले.

राणीला मुलाची खुशाली कळावी म्हणून मार्कोनीने एकदा डोलकाठीला तार बांधली होती. आज तेच काम समुद्रावरच्या कोणत्याही आईच्या लेकरासाठी होते.

शब्दार्थ
डोलकाठी – जहाजावरील उंच खांब, मस्तूल
शीड – वारा धरणारे कापड, बादबान
संदेश – निरोप, पैगाम
आगबोट – वाफेवर चालणारी बोट
क्षीण – अशक्त, कमजोर

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मार्कोनीच्या भावाने बंदुकीचा बार का काढला?
(आ) मार्कोनीच्या अभ्यासामुळे महाराष्ट्रात कोठे कोठे केंद्रे सुरू झाली?
प्र. २. कारणे द्या.
(अ) नौकेवरील छत्रीला सतत वळावे लागते.
(आ) टायटॅनिकजवळचे जहाज मदतीला आले नाही.
उपक्रम : संकटाच्या वेळी निरोप कसा पोचवला, याची एखादी आठवण घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व दहा ओळींत लिहा.