पाटीलबावांची वंशावळ

शब्बाथशाळेत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचायला दिला की मुले कंटाळतात. अमुकाला अमुक झाला, त्याला तमुक झाला, अशी नावामागून नावे येतात. शिक्षकही पुष्कळदा ती सतरा वचने गाळून एकदम प्रभूच्या जन्मापाशी येतात. पण वंशावळ म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. कोणत्या मातीतून कोण उगवले, कोणाला घरात घेतले गेले आणि मिळालेल्या वारशाचे कोणी काय केले, हे सर्व तिच्यात असते. आपल्याच मराठी मुलखातील एका शेतकरी कुळाची वंशावळ उलगडून पाहिली, तर हे चांगले ध्यानात येईल. हे कुळ म्हणजे ग्वाल्हेरचे शिंदे आणि त्यातील सर्वांत मोठे नाव म्हणजे महादजी शिंदे, ज्यांना लोक पाटीलबावा म्हणत.

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात कण्हेरखेड नावाचे गाव आहे. शिंदे हे तेथील पाटील. पाटील म्हणजे गावचा शेतसारा गोळा करणारा, तंटे मिटवणारा, पण स्वतःही नांगर धरणारा शेतकरी. या घरातील राणोजी शिंदे पेशव्यांच्या चाकरीत आले, ते अगदी साध्या कामावर. थोरल्या बाजीरावांचे जोडे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते असे सांगतात. एकदा बाजीराव छत्रपती शाहूंच्या भेटीहून बाहेर आले, तेव्हा राणोजी दमून झोपी गेले होते, पण धन्याचे जोडे त्यांनी छातीशी घट्ट धरून ठेवले होते. जो जोडे इतके जपतो तो मोठे कामही जपेल, असे बाजीरावांना वाटले आणि तेथून राणोजींचा उत्कर्ष सुरू झाला. ही आख्यायिका असली तरी राणोजी पुढे माळव्याचे मोठे सरदार झाले आणि उज्जैन हे त्यांचे ठाणे झाले, हा इतिहास आहे. १७४५ साली ते माळव्यातच वारले.

राणोजींना पाच मुलगे होते. जयाप्पा, दत्ताजी आणि जोतिबा हे एका घरचे, तर तुकोजी आणि महादजी हे चिमाबाई नावाच्या दुसऱ्या स्त्रीपासून झालेले. महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. पाच भावांत ते सर्वांत धाकटे, त्यातून आईच्या बाजूने मान कमी. घराण्याची सरदारकी त्यांच्यापर्यंत येईल असे त्या वेळी कोणालाही वाटले नसेल.

पण एका पिढीत या घरावर जे आले ते फार थोड्या घरांवर येते. जोतिबा बुंदेलखंडात मारले गेले. जयाप्पांचा १७५५ साली नागोरच्या वेढ्यात घात झाला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर लढता लढता पडले. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. तेथे तुकोजी पडले आणि जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी पकडला जाऊन मारला गेला. पाच भावांपैकी एकटे महादजी उरले.

तेही कसे उरले? रणांगणातून निघालेल्या महादजींचा एका पठाण स्वाराने दूरवर पाठलाग केला. त्यांना गाठून त्याने पायावर जबर घाव घातला आणि अंगावरचे जे होते ते घेऊन तो निघून गेला. रस्त्याच्या कडेला पडलेल्या या जखमी माणसाकडे राणेखान नावाच्या एका भिस्त्याचे, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाचे लक्ष गेले. धर्माने तो मुसलमान होता. त्याने महादजींना उचलून आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेच्या वाटेला लावले. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना येथे अधिक सांगायला नको. महादजी जन्मभर लंगडत चालले. पण राणेखानाला ते विसरले नाहीत. त्याला त्यांनी भाऊ मानले, आपल्या सैन्यात मोठ्या पदावर चढवले आणि त्याच्यावर पुढे मोठमोठ्या मोहिमा सोपवल्या. शिंद्यांच्या वंशावळीच्या कागदावर या पाणक्याचे नाव कोठेही नाही. पण तो नसता तर महादजींपुढची पानेच कोरी राहिली असती.

पानिपतानंतर सरदारकीचा वाद कित्येक वर्षे चालला. ती कधी तुकोजींचा मुलगा केदारजी याला, तर कधी मानाजी शिंदे यांना देण्याचे घाटत होते. अखेर माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७६८ च्या सुमारास, ती महादजींच्या नावे झाली. पुढची पंचवीस वर्षे हिंदुस्थानच्या राजकारणात त्यांचे नाव सर्वांच्या तोंडी होते. १७७१ साली मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि परागंदा झालेल्या शहाआलम बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले, त्यात महादजी पुढे होते. १७७९ साली वडगावला इंग्रजी फौजेला शरण यावे लागले, तेथेही ते होते. १७८० साली इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला एका रात्रीत शिड्या लावून घेतला. पण दोनच वर्षांनी, १७८२ मध्ये, ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी इंग्रज आणि पेशवे यांच्यात तह झाला, तो महादजींच्या मध्यस्थीने. त्यानंतर गोहदच्या राण्याकडून त्यांनी ग्वाल्हेर परत मिळवले. बुआन्य नावाच्या फ्रेंच बोलणाऱ्या सेनानीला चाकरीस ठेवून त्यांनी कवायती पलटणी उभारल्या. १७८८ साली गुलाम कादिराने दिल्लीत शहाआलमचे डोळे काढले, तेव्हा महादजींच्या सैन्याने दिल्ली सोडवून त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवले. त्या मोहिमेतील एक प्रमुख सेनापती तोच राणेखान होता.

महादजी संत नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांच्या लढायांचा आणि खंडणीचा भार राजपुतान्यातील गरीब रयतेवरही पडला. होळकरांशी त्यांचे वैर होते आणि १७९३ साली लाखेरीला मराठेच मराठ्यांशी लढले. नाना फडणविसांशी त्यांची चुरस शेवटपर्यंत चालली. तरी त्यांचा स्वभाव भाविक होता. ते भक्तिपर कविता रचत आणि बीडच्या मन्सूरशहा या सत्पुरुषावर त्यांची श्रद्धा होती.

त्यांच्या आयुष्यातील जो प्रसंग लोकांच्या मनात सर्वांत अधिक राहिला, तो १७९२ सालचा. बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक, म्हणजे साऱ्या राज्याचा मुखत्यार हा किताब दिला होता आणि ती वस्त्रे घेऊन महादजी पुण्यास आले. उत्तर हिंदुस्थानात त्यांच्याएवढा सामर्थ्यवान दुसरा कोणी नव्हता. पण तरुण सवाई माधवरावांच्या दरबारात ते हत्तीवरून दूरच उतरले, पायी आले आणि सर्व सरदारांच्या खालच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मग त्यांनी काखेतील एक बोचके सोडून त्यातून जोड्यांची नवी जोडी काढली आणि पेशव्यांपुढे ठेवली. आपल्या बापाचे काम हेच होते आणि आपलेही हेच, असा त्यांच्या बोलण्याचा भावार्थ होता. आपल्याला पाटील म्हणवून घेणेच त्यांना अधिक आवडे. यात राजकारण होते, नम्रतेचा देखावा होता, असे काही इतिहासकार म्हणतात. तेही असेल. माणसाचे अंतःकरण देवच पाहतो. परंतु देखाव्यासाठी का होईना, महादजींनी आपले मूळ लपवले नाही. ज्या जोड्यांमुळे दुसऱ्याने मान खाली घातली असती, ते त्यांनी भर दरबारात सर्वांसमोर काढून दाखवले.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजी वारले. शिंद्यांची छत्री म्हणून ती जागा पुणेकरांना परिचित आहे. श्रीगोंदे, म्हणजे जुने चांभारगोंदे, हीसुद्धा शिंद्यांचीच जहागीर आणि पारनेर तालुक्यात जामगावला महादजींचा वाडा आहे. नगरकडच्या आपल्या मंडळींना ही गावे परकी नाहीत.

येथून वंशावळीला नवे वळण लागते. महादजींना बाळाबाई नावाची मुलगी होती, पण मुलगा नव्हता. गादीवर आले ते दौलतराव, म्हणजे महादजींचे थोरले भाऊ तुकोजी यांचे नातू. त्या वेळी ते जेमतेम पंधरा वर्षांचे होते. १८२७ साली दौलतरावही निपुत्रिक वारले. त्यांची कर्तबगार पत्नी बायजाबाई यांनी कुळातील एका मुलाला दत्तक घेतले, ते जनकोजीराव. १८४३ साली तेही निपुत्रिक गेले आणि त्यांच्या विधवा पत्नी ताराबाई यांनी, ज्या स्वतः अजून लहान मुलगीच होत्या, आठ वर्षांच्या भागीरथरावाला मांडीवर घेतले. ते जयाजीराव. म्हणजे महादजींच्या मागे एकामागून एक तीन वेळा गादी पोटच्या मुलाकडे गेली नाही. तरीही वंशावळीत कोठे खाडा पडलेला दिसत नाही. दत्तक घेतलेला मुलगा हा पुरा मुलगा असतो. नाव, घर, वारसा, कर्ज, सारे त्याचे होते.

दत्तकविधानाने वारसा मिळतो, पण गुण मिळतातच असे नाही. महादजींनी उभे केलेले सारे दौलतरावांना आयते मिळाले. पहिली काही वर्षे घरातील भांडणांत गेली. महादजींच्या विधवांशीच युद्ध जुंपले. १८०३ साली असई आणि लासवाडी येथे कवायती पलटणींचा मोड झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली, आग्रा आणि गंगायमुनेमधला दुआब हातचा गेला. महादजींना जाऊन पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. शलमोनाच्या मागून आलेल्या रहबामाने दहा वंश एका उत्तरात घालवले, ती राजांच्या पहिल्या पुस्तकातील कथा येथे आठवते. १८१० साली दौलतरावांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला, तो तेथेच राहिला. त्या छावणीचे शहर झाले आणि त्याला नावही लष्कर असेच पडले.

जयाजीरावांना मात्र मुलगा झाला, ते माधवराव (१८७६ ते १९२५). या माधवरावांच्या काळातील एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. सॅम हिगिनबॉटम नावाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १९०३ साली भारतात आले. अलाहाबादला ते महाविद्यालयात शिकवत आणि नैनी येथे कुष्ठरोग्यांची सेवा करत. भोवतालच्या शेतकऱ्यांचे दारिद्र्य पाहून ते अमेरिकेस परत गेले, वयाच्या पस्तिशीत पुन्हा विद्यार्थी होऊन शेतीशास्त्र शिकले आणि यमुनेच्या काठी त्यांनी शेतीची संस्था वाढवली. आज तेथे त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. या माणसाकडे पहिल्या महायुद्धाच्या काळात माधवराव शिंद्यांनी आपल्या संस्थानाच्या शेतीखात्याची सूत्रे दिली. कण्हेरखेडच्या पाटलाच्या गादीवरील राजाला रयतेच्या नांगराची काळजी वाटली आणि ते काम त्याने एका मिशनऱ्याच्या हाती दिले. दीडदोनशे वर्षांच्या लढाया आणि दरबार यांच्यानंतर घराणे पुन्हा मातीकडे वळून पाहत होते.

आता मत्तयाच्या पहिल्या अध्यायाकडे परत येऊ. त्या वंशावळीतही बेथलेहेमचा एक शेतकरी आहे, बवाज. त्याची आई राहाब परकी, त्याची पत्नी रूथ परकी, शेतात सरवा वेचणारी. त्यांचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय आणि त्याचा दावीद, ज्याला मेंढरांमागून बोलावून आणले. शेवटी ती वंशावळ योसेफापाशी येते, जो देहाने प्रभूचा पिता नव्हता. म्हणजे आपल्या तारणाऱ्याची वंशावळसुद्धा नुसत्या रक्ताची नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या आणि गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल आपल्याविषयी दत्तकपणाचाच शब्द वापरतो. आपण देवाच्या घरात जन्मलो नव्हतो. आपल्याला घेतले गेले.

आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना, सोलापूर, सातारा या बाजूंच्या खेड्यांत राहत होते. कोणी शेतकरी होते, कोणी दुसऱ्याच्या शेतात राबणारे होते, कोणी गावकुसाबाहेरचे. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भाऊबंदकी तुटली, पाणी तुटले, काहींची जमीनही गेली. आज त्यांचे पणतू शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, मोठ्या शहरांत राहतात. कितीकांना पणजोबांचे गाव ठाऊक आहे? आणि ज्यांना ते सांगायला लाज वाटते, असेही आपल्यात नाहीत काय? दौलतरावांप्रमाणे वारसा आयता मिळाला की दहा वर्षांतही तो घालवता येतो. मंडळीच्या रजिस्टरात नाव असते, पण गुडघे टेकण्याची सवय गेलेली असते.

अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात देवाने शेतकऱ्याला एक रीत लावून दिली आहे. पहिल्या पिकाची टोपली घेऊन तो वेदीपुढे आला की प्रथम आपला पूर्वज किती निराधार भटक्या होता हे त्याने मोठ्याने सांगायचे, मग टोपली खाली ठेवायची. महादजींनी जोड्यांचे बोचके सोडले ते असेच.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. येत्या सुगीच्या उपासनेच्या आधी मुलांना घरी जाऊन आपल्या चार पिढ्यांची नावे विचारून आणायला सांगा. गाव कोणते, धंदा कोणता, प्रभूला प्रथम कोणी ओळखले, त्यासाठी काय सोसले. आणि आणखी एक नाव विचारायला सांगा, जे कोणत्याही वंशावळीत लिहिलेले नसते. आपले घर रस्त्याच्या कडेला पडले होते तेव्हा आपल्याला उचलून बैलावर घालणारा राणेखान कोण होता? ती नावे मुलांनी उपासनेत उभे राहून वाचावीत. मग मत्तयाचा पहिला अध्याय त्यांना कंटाळवाणा वाटणार नाही.