कवळाण्याचा गोपाळ आणि लक्ष्मी विलासाचा धनी

मराठा सरदारांचे घर म्हणजे गढी, अशीच महाराष्ट्राची जुनी ओळख. सोलापूर जिल्ह्यातील माढा आणि करमाळा येथे राव रंभा निंबाळकरांनी बांधलेल्या गढ्या आजही ती ओळख सांगतात. जाड तटबंदी, कोपऱ्यावर बुरूज आणि आत वाडा, अशी त्यांची रचना. शत्रूपासून बचाव हाच तिथे रचनेचा मूळ हेतू होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा हेतू उरला नाही आणि राजघराण्यांची घरे पार बदलली. या बदलाची सर्वांत भव्य खूण म्हणजे बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस आणि त्याचे धनी होते महाराजा सयाजीराव गायकवाड.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. घरचे नाव गोपाळराव. शेतकरी कुटुंबातील या मुलाला अक्षरओळखही झालेली नव्हती. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी त्याला दत्तक घेतले आणि अवघ्या बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याचा महाराजा झाला.

सयाजीराव अल्पवयीन असताना, दिवाण टी. माधवराव यांच्या कारभारात, नव्या राजवाड्याचे काम हाती घेण्यात आले. आराखडा होता मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्यांचाच. युरोपीय बांधकामशास्त्र आणि भारतीय अलंकरण यांचा मेळ घालणे हे मँट यांचे वैशिष्ट्य. मोगली घुमट, राजपूत छत्र्या, गुजराती झरोके आणि गॉथिक कमानी त्यांनी एकाच वास्तूत गुंफल्या. वास्तूचे मुख्य भाग तीन: दरबार व समारंभांची दालने, महाराजांचा निवास आणि महाराणींचा स्वतंत्र जनाना. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांचा वावर परक्यांच्या नजरेस पडू नये, याची काळजी आराखड्यातच घेतलेली होती.

१८८१ मध्ये काम अर्धवट असतानाच मँट यांचे निधन झाले. आपल्या गणितात चूक राहिली असून इमारत कोसळेल, या भीतीने त्यांना ग्रासले होते, असे सांगितले जाते. उरलेले काम रॉबर्ट फेलोज चिझम यांनी १८९० मध्ये पूर्ण केले. दरबार हॉलच्या मोझेक फरशीसाठी व्हेनिसचे कारागीर आले. राजा रविवर्मा यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगवली. खर्च सुमारे ६० लाख रुपये झाल्याचे सांगतात. मँट यांची भीती मात्र खोटी ठरली; वास्तू आजही भक्कम उभी आहे.

ज्या तरुण राणीने या घरात पहिले पाऊल ठेवायचे, तिला ते भाग्य लाभले नाही. तंजावरच्या मोहिते घराण्यातील पहिल्या चिमणाबाईंचा विवाह १८८० मध्ये झाला आणि १८८५ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले. मागे राहिला लहानगा फत्तेसिंहराव. त्यांच्या स्मरणार्थ सयाजीरावांनी १८९६ मध्ये बडोद्यात घड्याळाचा मनोरा उभारला. पुढे महालाने आणखी दुःखे पाहिली. फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये गेले.

स्वतःला शिक्षण उशिरा मिळालेल्या या राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ पासून तो सर्व राज्यात नेला. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले.

सर्वांत बोलका बदल मात्र त्या महालातच घडला. दुसऱ्या महाराणी चिमणाबाईंनी पडदा सोडला. पुण्यात १९२७ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. वास्तुरचनाकाराने ज्या पडद्यासाठी भिंती योजल्या, तो पडदा घरच्या स्वामिनीनेच दूर सारला.

सयाजीरावांचे ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निधन झाले. लक्ष्मी विलास आजही गायकवाड कुटुंबाचे निवासस्थान असून त्याचा काही भाग पर्यटकांना पाहता येतो. भिंती जशा बांधल्या तशाच राहिल्या; त्यांच्या आतली माणसे मात्र काळाबरोबर बदलली. सयाजीरावांचे मोठेपण त्या बदलात आहे.