गुन्ह्याला नाव देणारा माणूस : राफेल लेमकिन

२८ ऑगस्ट हा राफेल लेमकिन यांचा स्मृतिदिन. वंशसंहाराचा इतिहास शिकायचा आणि शिकवायचा, तर सुरुवात त्यांच्यापासून करावी असे आम्हाला वाटते.

लेमकिन यांचा जन्म १९०० साली, आजच्या बेलारूसमधील एका ज्यू शेतकरी कुटुंबात झाला. १९२१ मध्ये बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाने तलात पाशाला ठार केले. ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियनांच्या कत्तलीचा हा प्रमुख सूत्रधार. एका खुनाबद्दल खटला चालतो, मग लाखोंच्या खुनाबद्दल का नाही, हा प्रश्न लेमकिन यांच्या मनात घर करून बसला. ते वकील झाले. १९३३ मध्ये त्यांनी अशा गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय कायदा सुचवला, पण तो मान्य झाला नाही.

१९३९ मध्ये नाझींनी पोलंडवर हल्ला केला. लेमकिन लिथुआनिया, स्वीडनमार्गे १९४१ मध्ये अमेरिकेत पोहोचले. मागे राहिलेले आईवडील आणि इतर मिळून त्यांचे ४९ नातेवाईक मारले गेले.

१९४४ मध्ये आपल्या ग्रंथात त्यांनी ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला. मराठीत आपण वंशसंहार म्हणतो. त्यांच्या लेखी तो फक्त कत्तलीपुरता नव्हता. एखाद्या समूहाची भाषा, धर्म, पोटापाण्याची साधने आणि स्वाभिमान ठरवून मोडणे हाही त्याचाच भाग होता. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार स्वीकारला, पण संस्कृती नष्ट करण्याचा मुद्दा त्यातून वगळला गेला.

पुढे त्यांनी येल विद्यापीठात शिकवले आणि जगभरातील वंशसंहारांचा इतिहास लिहायला घेतला. तो अपुराच राहिला. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, हलाखीत त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच दिवशी भारताने या कराराला मान्यता दिली होती. तरीही वंशसंहारासाठी आपल्याकडे आजही वेगळा कायदा नाही.

२००६ मध्ये खैरलांजीत एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तो वंशसंहार नव्हता, तसा दावा आम्ही करत नाही. पण न्यायालयाने खून मानले आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही, तेव्हा गुन्ह्याचे खरे नाव कागदावर येणे किती अवघड असते, हे आपण पाहिले. नाव आले नाही, तर पुढच्या पिढीला ती घटना गावातले जुने भांडण म्हणूनच सांगितली जाते.

म्हणून विहारातल्या अभ्यासवर्गात एक रविवार लेमकिन यांच्यासाठी ठेवावा, अशी आमची विनंती आहे.