ज्याच्या नावाने जगातलं सर्वात उंच शिखर ओळखलं जातं, तो माणूस तापाने दोनदा मरता मरता वाचला होता

एव्हरेस्ट म्हटलं की बर्फ, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि गिर्यारोहकांची रांग डोळ्यासमोर येते. पण ज्या जॉर्ज एव्हरेस्टचं नाव या शिखराला दिलंय, तो काही गिर्यारोहक नव्हता. तो होता मोजणी अधिकारी. आणि त्याच्या भारतातल्या नोकरीची गोष्ट सांगायची तर बर्फापेक्षा तापाबद्दलच जास्त बोलावं लागतं.

एव्हरेस्टचा जन्म १७९० चा. कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यात भरती होऊन १८०६ साली तो भारतात आला. गणितात हुशार, पण स्वभावाने प्रचंड तिरसट. १८१८ च्या अखेरीस तो हैदराबादला विल्यम लॅम्ब्टनच्या हाताखाली रुजू झाला.

या लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासहून एक अचाट काम सुरू केलं होतं. जमिनीवर एक रेघ साखळीने अचूक मोजायची. मग टेकडीवरून टेकडीकडे बघत कोन मोजायचे आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचं. यातून नकाशा तर तयार होणारच होता, पण पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे हेही कळणार होतं. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. तो टेकडीवर चढवायचा तो माणसांनीच.

आता खरी अडचण बघा. उन्हाळ्यात हवेत धूळ असते, जमिनीवरून गरम वाफा उठतात, त्यामुळे लांबच्या टेकडीवरचं निशाण दिसतच नाही. पाऊस पडून गेला की हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते. म्हणून लॅम्ब्टनची माणसं कामाला पावसाळ्यात बाहेर पडायची. म्हणजे जंगलात डासांचं राज्य असायचं, नेमके तेच महिने.

पण डासांचा आणि तापाचा संबंध आहे हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. कुजलेल्या पाल्यातून विषारी हवा उठते आणि ताप येतो, असाच समज होता.

१८१९ च्या पावसाळ्यात लॅम्ब्टनने एव्हरेस्टला कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात पाठवलं. निजामाच्या मुलखाचा हा पूर्वेकडचा भाग इंग्रजांसाठी जवळजवळ कोराच होता. सोबत होता हेन्री व्हॉयसी. तो तुकडीचा डॉक्टर आणि तोच भूगर्भतज्ज्ञ.

पुढं व्हायचं तेच झालं. आधी एव्हरेस्ट तापाने फणफणला, मग डॉक्टर व्हॉयसीही आडवा झाला. हळूहळू जवळजवळ १५० माणसांची सगळी तुकडीच अंथरुणाला खिळली. खलाशी, निशाणवाले, हमाल, शिपाई, कुणीच सुटलं नाही. ज्याने औषध द्यायचं तोच ग्लानीत. त्यांना आणायला हैदराबादहून हत्ती, पालख्या, डोल्या, जे मिळेल ते पाठवण्यात आलं. तरीही १५ जण वाटेतच गेले. एव्हरेस्ट आणि व्हॉयसी यांची नावं इतिहासात आहेत. त्या १५ जणांचा उल्लेख फक्त आकड्यात येतो.

थोडं बरं वाटताच एव्हरेस्ट १८२० मध्ये पुन्हा त्याच जंगलात गेला. यात हट्ट किती आणि शहाणपण किती, हे वाचणाऱ्याने ठरवावं. ताप पुन्हा उलटला. शेवटी त्याला हवापालटासाठी दक्षिण आफ्रिकेत, केप ऑफ गुड होपला पाठवावं लागलं. योगायोग म्हणजे त्याच १८२० साली पॅरिसमध्ये दोन फ्रेंच संशोधकांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन वेगळं काढलं. पण तापावरचा तो उपाय सर्रास मिळायला अजून बराच काळ जायचा होता. तोवर जळवा लावून रक्त काढणे आणि हवापालट, याच उपायांवर भिस्त होती.

केपला बरा होऊन एव्हरेस्ट परतला आणि मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची साखळी टाकायला लागला. तेवढ्यात बातमी आली. हैदराबादहून नागपूरला निघालेला लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला क्षयाने वारला. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या या गावात त्याची कबर आहे. पुढच्याच वर्षी व्हॉयसीही कलकत्त्याला जाताना वाटेत गेला.

सगळी जबाबदारी एव्हरेस्टवर आली, आणि त्याचं दुखणंही परत आलं. वऱ्हाडात एलिचपूरजवळून, सातपुडा ओलांडून सिरोंजपर्यंत त्याने काम रेटलं, तेव्हा त्याच्या हातापायांत धड बळ नव्हतं. ताऱ्यांचे वेध घ्यायच्या यंत्रापाशी दोन माणसं त्याला उचलून बसवायची आणि काम झालं की उचलून उतरवायची. थिओडोलाइटचा स्क्रू फिरवताना त्याच्या डाव्या हाताला आधार द्यावा लागायचा. १८२५ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि तब्बल ५ वर्षं तिकडेच राहिला.

१८३० मध्ये तो परतला तो नवी यंत्रं आणि नवी पद्धत घेऊन. रात्री हवा थंड झाली की लांबचे दिवे स्पष्ट दिसतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून निशाणांच्या जागी रात्री दिवे आणि दिवसा सूर्यप्रकाश परावर्तित करणारे आरसे आले. त्यामुळे पावसाळ्यात जंगलात शिरायची गरजच संपली, काम कोरड्या हंगामात गेलं. अचूकता तर वाढलीच, शिवाय शेकडो माणसांचा तापाचा धोकाही कमी झाला. एव्हरेस्टच्या गणिताचं कौतुक खूप होतं, त्यामानाने ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

तरी १८३५ मध्ये तो पुन्हा इतका आजारी पडला की कंपनीने त्याचा वारसदारच ठरवून टाकला. तो होता थॉमस जर्व्हिस. आजऱ्याहून आंबोली घाट उतरलं की जो दक्षिण कोकण सुरू होतो, तिथल्या मोजणीवर जर्व्हिसने नाव कमावलं होतं. इंग्लंडमध्ये तो भावी सर्व्हेअर जनरल म्हणून वावरायलाही लागला. पण इकडे एव्हरेस्ट ठणठणीत बरा झाला! त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्रांवर पत्रं लिहून जर्व्हिसचे वाभाडे काढले, आणि ती पत्रं छापूनही टाकली. जर्व्हिसला ते पद कधीच मिळालं नाही.

कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचं काम पूर्ण करून एव्हरेस्ट १८४३ मध्ये निवृत्त झाला. १८४६ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्याने लग्न केलं. त्याला ६ मुलं झाली. १८६५ मध्ये शिखराला त्याचं नाव मिळालं आणि १ डिसेंबर १८६६ ला तो लंडनमध्ये वारला.

त्याच्या तुकडीला आडवं करणाऱ्या अशा तापाचं कोडं मात्र १८९७ मध्ये सुटलं. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात असतात, हे रोनाल्ड रॉसने शोधून काढलं. तेही सिकंदराबादला, म्हणजे एव्हरेस्टची तुकडी जिथून जंगलाकडे निघाली होती, त्या हैदराबादच्या अगदी शेजारी.