दोन कवठे आणि डॉ. भाऊ दाजी

महाशिवरात्र आली की केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या मराठवाडी गावांतून कवठाची आठवण हमखास होते. याच फळाचा एक भास सह्याद्रीच्या दमट रानात आणि कोकणात आढळतो. तसाच गोल, तसेच कठीण, खरखरीत कवच. लोक त्याला कडू कवठ म्हणतात. या कडू कवठाशी डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव जोडलेले आहे.

गोव्यात जन्मलेले भाऊ वडिलांबरोबर मुंबईला आले आणि १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले. अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे, मुंबईचे नगरपाल झालेले, गोरगरिबांना फुकट औषध देणारे भाऊ आपल्याला ठाऊक असतात. पण पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या या माणसाने जुने संस्कृत वैद्यकग्रंथही उघडले आणि त्यांतली औषधे रोग्यांवर पारखून पाहिली, हे फारसे सांगितले जात नाही. कुष्ठरोग्याला तेव्हा घरदार तुटे आणि डॉक्टरही हात टेकत. अशांना भाऊंनी कडू कवठाच्या बियांचे तेल दिले. काहींना गुण आला.

यात झाडाची ओळख पक्की असणे फार महत्त्वाचे. खाण्याच्या कवठाला काटे असतात, त्याचे पान लहान लहान दलांचे असते आणि चुरगाळले की वास येतो. कडू कवठाला काटे नाहीत, पान एकेकटे, लांबट, दातेरी कडांचे. फळ फोडले तर आंबटगोड गराऐवजी आत तेलकट बिया दाटीने बसलेल्या. हे फळ विषारी असून ते मासे मारण्यासाठी वापरीत.

ओळख चुकली की काय होते, ते पूर्व भारतातल्या चौलमुग्रा तेलाने दाखवले. कुष्ठरोगावरच्या या तेलाचे झाड म्हणून पुस्तकांत अनेक वर्षे भलत्याच झाडाचे नाव छापले जात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी खरे झाड कळले. पुस्तकातल्या झाडाच्या बियांत ती गुणकारी आम्ले नव्हतीच. मात्र भाऊंच्या कडू कवठात ती निघाली!

ते पाहायला भाऊ नव्हते. पूर्ण खात्री पटेपर्यंत आपली उपचारपद्धती जाहीर करायची नाही, असा त्यांचा बाणा होता आणि १८७४ साली मृत्यूने त्यांना गाठले. १९४० नंतर डॅप्सोन आले, पुढे बहुविध औषधोपचार आले आणि तेल मागे पडले. आज कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, त्यासाठी रानात जायचे कारण उरले नाही.

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली भाऊंचे नाव दिले गेले. रानातले ते झाड मात्र अजून कवठाच्याच उसन्या नावाने ओळखले जाते.